पत्र कोणाच्या घरचे?

आपल्या गावांतून पोस्टमन अजूनही येतो. परंतु घरातील महत्त्वाच्या पत्रव्यवहाराचा मोठा भाग आता त्याच्या थैलीतून येत नाही. बँकेचा खातेउतारा, मुलांच्या परीक्षेचे प्रवेशपत्र, वडिलांच्या निवृत्तिवेतनाची सूचना, आखातात किंवा जहाजावर नोकरीस असलेल्या मुलाच्या कंपनीचे पत्र, हे सारे ई-मेलने येते आणि घरातील कोणाच्या तरी मोबाइलमध्ये उतरते. त्याच वाटेने आणखीही पुष्कळ काही येते. न घेतलेल्या तिकिटावर लागलेली लॉटरी, न मागितलेल्या कर्जाची मंजुरी, कधी न पाहिलेल्या नातलगाचा वारसा, आणि 'आपले खाते आज रात्री बंद होईल' अशी धमकी! या गर्दीतून खरे पत्र कोणते व खोटे कोणते हे निवडण्याचे काम बहुधा घरातील अशा माणसावर येऊन पडते, की ज्याला त्याची सवय नाही.

यावर एक उपाय आहे. आपण स्वतः पारखून ठरविलेल्या मोजक्या ठिकाणांहून आलेली पत्रेच समोर यावीत व बाकीची बाजूला पडावीत, अशी तजवीज बहुतेक ई-मेल सेवांमध्ये करता येते. तिला पैसे पडत नाहीत. योग्य जागी योजिली तर ती फार गुणकारी ठरते. अयोग्य जागी योजिली तर मात्र तीच घराचे नुकसान करते. यास्तव वाचक बंधु-भगिनींनी ती आपल्या घरात करण्यापूर्वी तिचे स्वरूप नीट समजून घ्यावे, हे बरे.

प्रथम पत्ता वाचावयास शिकले पाहिजे. ई-मेलच्या पत्त्याच्या मधोमध 'ॲट' हे वाटोळ्या शेपटीचे चिन्ह असते. १९७१ साली रे टॉमलिन्सन या अमेरिकन अभियंत्याने जाळ्याने जोडलेल्या एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर पत्र धाडण्याची युक्ती काढली, तेव्हा माणसाचे नाव आणि यंत्राचे नाव वेगळे राहावे म्हणून त्याने हे चिन्ह निवडले. चिन्हाच्या डावीकडे माणूस, उजवीकडे त्याचे घर. या घराच्या नावास 'डोमेन' म्हणतात. १९८३ साली पॉल मॉकापेट्रिस यांनी आखून दिलेल्या पद्धतीप्रमाणे हे नाव ठिपक्यांनी जोडलेल्या तुकड्यांचे असते, आणि त्यातील शेवटचा तुकडा सर्वांत थोर असतो. पाकिटावर आपण नाव, गाव, तालुका, जिल्हा असे लिहीत जातो व शेवटचा शब्द सर्वांत मोठ्या प्रदेशाचा असतो, तसेच हे आहे. 'इन' हा शेवटचा तुकडा भारताचा. 'व्हीए' हा व्हॅटिकनचा. म्हणून डोमेन नेहमी शेवटाकडून मागे वाचीत यावे. ज्याने ही एवढी सवय लावून घेतली, त्याने निम्मे काम केले असे आम्ही समजतो.

आता कोणी विचारील, पत्त्यावर घराचे नाव असताना खोटी पत्रे येतात तरी कशी? याचे कारण या टपालाच्या जन्मकाळात आहे. १९८२ साली जॉन पोस्टेल यांनी ई-मेलच्या दळणवळणाचे जे नियम लिहिले, ते एकमेकांना ओळखणाऱ्या संशोधकांच्या लहानशा जगासाठी होते. पाठविणाऱ्याने आपले जे नाव सांगितले ते खरे आहे काय, हे तपासण्याची सोय त्या नियमांत नव्हती. पाकिटाच्या मागील बाजूस कोणीही कोणाचेही नाव लिहावे आणि पोस्टाने ते मुकाट्याने पोचवावे, असा तो कारभार होता. धोका मात्र जाणत्यांच्या ध्यानी आला होता. याच पोस्टेल यांनी १९७५ साली एक छोटे टिपण लिहून, नको असलेला मजकूर पाठविणाऱ्या यंत्राकडून येणारे संदेश नाकारण्याची सोय असावी, असे सुचविले होते. पुढे १९७८ च्या मे महिन्यात एका संगणक कंपनीच्या गॅरी थ्युर्क नामक विक्रेत्याने आपल्या नव्या यंत्रांची जाहिरात एकाच वेळी सुमारे ४०० जणांना धाडली. न मागितलेल्या घाऊक पत्रांची परंपरा येथून सुरू झाली असे मानतात.

नको ती पत्रे अडविण्याच्या दोन रीती आहेत. पहिली काळ्या यादीची: जो त्रास देतो त्याचे नाव लिहून ठेवावयाचे व त्याला दार बंद करावयाचे. ही रीत साधी आहे. परंतु ठकाला नवे नाव घेण्यास वेळ लागत नाही. आज एक डोमेन बंद केले तर उद्या तो दुसरे विकत घेतो, आणि आपली यादी वाढत जाऊनही सदैव एक पाऊल मागेच राहते. दुसरी रीत याच्या उलट आहे. ज्यांना आत घ्यावयाचे त्यांचीच नावे लिहावयाची. ज्याचे नाव यादीत नाही तो कोणीही असो, त्याचे पत्र समोर येणार नाही. एका कुटुंबाचे पैशाचे, शिक्षणाचे व सरकारदरबारचे व्यवहार मोजले तर अशी दहा-पंधरा घरे निघतील. दहा-पंधरा नावे सांभाळणे कोणत्याही घराला जड नाही.

ही दुसरी रीत कोणास शोभते? पहिल्याने लहान मुलांस. शाळांना पुरविल्या जाणाऱ्या गुगलच्या सेवेत, विद्यार्थ्यांना फक्त शाळेच्या डोमेनवरूनच पत्र यावे असा निर्बंध शाळेच्या व्यवस्थापकास घालता येतो. मुलाला शिक्षकाचे पत्र मिळावे आणि अनोळखी माणसाचे मिळू नये, यात कोणाचेच नुकसान नाही. दुसऱ्याने वृद्ध मातापित्यांस. निवृत्तिवेतन, बँक, विमा आणि परगावी असलेली मुले यांच्यावाचून त्यांना फारशा पत्रांची अपेक्षा नसते, आणि धमकीच्या पत्राने घाबरून जाणारेही बहुधा तेच असतात. तिसऱ्याने पैशाच्या व्यवहारासाठी काढलेल्या स्वतंत्र खात्यास. आमची तर शिफारस अशी, की प्रत्येक कुटुंबाने बँक, निवृत्तिवेतन व विमा एवढ्यांसाठीच एक वेगळा ई-मेल पत्ता ठेवावा, तो दुकानात किंवा बक्षिसाच्या कूपनावर कधीही लिहू नये, आणि त्या पत्त्याला ही यादी लावावी.

आता दुसरी बाजू. ज्या दाराने चोर अडतो, त्याच दाराने पाहुणाही अडतो. परिचारिकेचा अभ्यास पुरा करून नोकरीसाठी अर्ज करणारी मुलगी घरात असेल, तर तिला मुलाखतीचे पत्र कोणत्या घरून येईल हे आधी कोणी सांगावे? मुंबईचे रुग्णालय, बंगळुरूचे रुग्णालय, परदेशातील संस्था, सगळेच तिला अनोळखी. अशा मुलीच्या खात्याला कडक यादी लावली, तर ठकाचे पत्र अडेल हे खरे. परंतु ज्या पत्राची घर वर्षभर वाट पाहत होते, तेही अंधारात पडून राहील. धर्मग्रामाच्या कचेरीचेही तेच. तेथे येणारा माणूस बहुधा प्रथमच येतो: कोणी आजोबांच्या बाप्तिस्म्याचा दाखला शोधीत असतो, कोणी विवाहाची चौकशी करीत असतो, कोणी अडचणीत सापडलेला असतो. ज्या दाराने परक्यालाच आत घ्यावयाचे, त्या दारावर ओळखीच्यांची यादी टांगून कसे चालेल? दुकानदार, पाहुण्यांना खोल्या देणारी गोव्यातील कुटुंबे, किंवा ज्याचा धंदाच नव्या गिऱ्हाइकावर चालतो असा कोणीही, यांनाही हाच विचार लागू आहे.

यातून मार्ग असा, की यादीबाहेरचे पत्र फाडून टाकण्याची व्यवस्था कधीही करू नये. त्याला बाजूच्या खोलीत बसवावे. ई-मेलमध्ये 'अनोळखी' अशा नावाचा वेगळा कप्पा करता येतो. यादीबाहेरची पत्रे तेथे जावीत, आणि घरातील एका जाणत्या माणसाने आठवड्यातून दोनदा, नोकरीची वाट पाहणारे कोणी असेल तर रोज, तो कप्पा शांतपणे उघडून पाहावा. हा कप्पा 'स्पॅम' म्हणून जो असतो तो नसावा. कारण जीमेलमध्ये स्पॅममध्ये पडलेले पत्र ३० दिवसांनी आपोआप नष्ट होते. परदेशी नोकरीचे पत्र असेल तर त्यातील एजंटाचे नाव भारत सरकारच्या ई-मायग्रेट या संकेतस्थळावरील नोंदणीकृत एजंटांत आहे काय हे पाहिल्यावाचून एक रुपयाही पाठवू नये.

यादी करताना चार चुका टाळल्या पाहिजेत.

पहिली, धर्मशाळेला घर समजण्याची. जीमेल डॉट कॉम, याहू डॉट कॉम, आऊटलुक डॉट कॉम ही नावे कोणा एकाच्या मालकीच्या घराची नाहीत. तेथे वाटेल त्याला खोली मिळते. मुंबईचा भाऊ जीमेलवरून पत्र लिहितो म्हणून संपूर्ण जीमेल यादीत घातले, तर जगातील सर्व ठकांना त्या भावाबरोबर आत घेतल्यासारखे होईल. अशा ठिकाणी त्या एका माणसाचा पूर्ण पत्ताच यादीत लिहावा. या चुकीचा फायदा घेणारे लोक देवळाच्या पायरीपर्यंतही पोचले आहेत. जुलै २०१९ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने तेथील भाविकांना असा इशारा दिला, की त्यांच्या धर्मगुरूंच्या नावाने, सत्कार्यासाठी म्हणून, गिफ्ट कार्डे विकत घेऊन त्यांवरील आकडे कळवावेत अशी पत्रे येत आहेत. पत्राखाली नाव धर्मगुरूंचे. पत्ता मात्र त्यांच्या नेहमीच्या पत्त्याहून वेगळा. मोबाइलच्या लहान पडद्यावर बहुधा नावच तेवढे दिसते. नावावर बोट ठेवून पत्ता उघडला तरच खरे कळते.

दुसरी चूक, सारख्या दिसणाऱ्या नावाला फसण्याची. इंग्रजीतील 'आर' व 'एन' ही लहान अक्षरे शेजारी बसली की 'एम' सारखी दिसतात. 'एल' आणि एकचा आकडा यांतही गफलत होते. लिथुआनियातील एव्हाल्दास रिमाशाउस्कास या इसमाने २०१३ ते २०१५ या काळात, तैवानमधील एका मोठ्या संगणक-सामग्री पुरवठादाराच्या नावाचीच कंपनी लाटव्हियात नोंदविली, आणि त्या पुरवठादाराच्या माणसांनी लिहिल्यासारखी पत्रे व बिले फेसबुक आणि गुगल यांना गेली. दोन्ही कंपन्या मिळून १२ कोटी डॉलरांहून अधिक रक्कम त्याच्या खात्यांत गेली. डिसेंबर २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने त्याला पाच वर्षांची शिक्षा दिली. जेथे संगणकशास्त्राचे पंडित नोकरीस आहेत तेथे हे घडले, तर आपल्यासारख्यांनी डोळ्यांवर किती विसंबावे? म्हणून यादीत नाव घालताना ते आलेल्या पत्रावरून उतरवू नये. पासबुकावरून घ्यावे, शाळेच्या सूचनापत्रावरून घ्यावे, अथवा शाखेत समक्ष जाऊन विचारावे. एकदा नाव बिनचूक लिहिले, की नुसत्या सारख्या दिसणाऱ्या नावाला चाळणी फसत नाही. मनुष्याच्या नजरेपेक्षा यादी श्रेष्ठ ठरते ती येथे.

तिसरी चूक, यादी म्हणजे ओळखपत्र मानण्याची. आरंभी सांगितल्याप्रमाणे पाकिटावर खऱ्या घराचे नावही खोटेपणाने लिहिता येते. यावर तीन तपासण्या निघाल्या आहेत. एसपीएफ या तपासणीत, आपल्या नावाने पत्रे पाठविण्याचा अधिकार कोणत्या यंत्रांना आहे हे घरधनी जाहीर करतो. डीकेआयएम या तपासणीत पत्रावर नक्कल न करता येणारी मोहर उमटते. आणि डीमार्क या तिसरीत, या दोहोंत पत्र खोटे ठरले तर त्याचे काय करावे हे घरधनी कळवितो. फेब्रुवारी २०२४ पासून गुगल आणि याहू यांनी घाऊक पत्रे पाठविणाऱ्यांवर या तिन्ही तपासण्यांची सक्ती केली; जीमेलच्या बाबतीत ही मर्यादा दिवसाला ५,००० पत्रांची आहे. जीमेलमध्ये संगणकावर पत्राचा तपशील उघडला असता 'साइन्ड बाय' या शब्दांपुढे ज्या डोमेनची मोहर आहे त्याचे नाव दिसते. ते यादीतील नावाशी जुळते काय, हे पैशाच्या पत्राबाबत अवश्य पाहावे.

चौथी चूक, आत आलेल्या प्रत्येक शब्दावर विश्वास टाकण्याची. खऱ्या माणसाचा पासवर्ड चोरून त्याच्याच पत्त्यावरून पत्र लिहिले, तर यादी आणि तिन्ही तपासण्या त्याला सन्मानाने आत घेतील. म्हणून पैसे मागणारे किंवा खाते क्रमांक बदलल्याचे सांगणारे पत्र यादीतल्या घरून आले तरी, आपल्याजवळ आधीपासून असलेल्या दूरध्वनी क्रमांकावर त्या माणसाशी बोलल्याखेरीज काही करू नये. पत्रात दिलेल्या क्रमांकावर बोलणे म्हणजे चोरालाच साक्षीला बोलावणे होय.

या विषयात नुकतीच एक हितकारक गोष्ट घडली आहे. काही डोमेनांच्या वेशीवर पहारा असतो. तेथे वाटेल त्याला घर बांधता येत नाही. 'गव्ह डॉट इन' हे शासनाच्या कार्यालयांसाठी राखलेले आहे. 'व्हीए' व्हॅटिकनच्या बाहेर कोणास मिळत नाही. याच धर्तीवर रिझर्व्ह बँकेने भारतातील बँकांसाठी 'बँक डॉट इन' हे राखीव डोमेन योजिले, आणि २२ एप्रिल २०२५ च्या परिपत्रकाने सर्व बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत तेथे स्थलांतर करण्यास सांगितले. नावे देण्याचे काम हैदराबाद येथील आयडीआरबीटी या संस्थेकडे आहे. १९९६ साली रिझर्व्ह बँकेनेच ही संस्था स्थापिली. बँकेवाचून दुसऱ्या कोणास हे नाव मिळत नाही. मात्र येथे एका ठिपक्याचे मोल फार मोठे आहे. 'अमुक', मग ठिपका, मग 'बँक', मग ठिपका, मग 'इन', आणि त्यापुढे काही नाही, असे असेल तर ते पहाऱ्याच्या आतले घर. 'अमुक' व 'बँक' यांच्यामधला ठिपका नसेल, किंवा त्याच्या जागी आडवी रेघ असेल, तर ते नाव बाजारात कोणीही विकत घेतलेले असू शकते. 'इन'च्या पुढे आणखी ठिपका देऊन काही जोडलेले असेल, तर ते घर सर्वस्वी दुसऱ्याचेच. आपल्या शाखेचे संदेश आता कोणत्या पत्त्यावरून येतात, हे पुढच्या वेळी पासबुक भरावयास जाल तेव्हा विचारून लिहून आणा.

प्रत्यक्ष कृती अवघड नाही. संगणकावर जीमेलच्या सेटिंग्जमध्ये 'फिल्टर्स' हे सदर आहे. तेथे पाठविणाऱ्याच्या जागी डोमेन लिहून त्याची पत्रे एका नावाच्या कप्प्यात जावीत असे सांगता येते, आणि या डोमेनांखेरीज बाकीची पत्रे दुसऱ्या कप्प्यात जावीत असेही सांगता येते. मायक्रोसॉफ्टच्या आऊटलुकमध्ये 'सेफ सेंडर्स' ही यादी याच कामाची आहे. महाविद्यालयात जाणारे मूल घरात असेल तर त्याला अर्ध्या तासाचे हे काम आहे. परंतु यादीत कोणाची नावे असावीत हे मात्र त्याच्यावर सोपवून मोकळे होऊ नये. आईवडील, आजोबा-आजी यांनी मिळून बसावे, पासबुके व विम्याचे कागद समोर घ्यावेत, एकेक नाव मोठ्याने वाचून वहीत उतरवावे, आणि मग ते यंत्रात घालावे. वही सहा महिन्यांनी पुन्हा काढावी. संपलेले व्यवहार खोडावेत, नवे लिहावेत. जी यादी कोणी पाहत नाही, ती काही दिवसांनी निरुपयोगी होते.

इतके करूनही कोणी फसलेच, तर लाजेने गप्प बसू नये आणि घरच्यांनीही त्याला दोष देत बसू नये. कारण पहिले काही तास अमोल असतात. १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर लगेच दूरध्वनी करावा व आपल्या बँकेसही कळवावे. वेळीच कळविले तर पैसे पुढे जाण्याआधी अडविले जाण्याची शक्यता असते.

तात्पर्य, घरातील प्रत्येक पत्त्याला एकच कुलूप लावू नये. पैशाच्या पत्त्याला, मुलांच्या पत्त्याला व वृद्धांच्या पत्त्याला यादी असावी. ज्या पत्त्यावर अनोळखी माणसाने हाक मारावी अशी आपलीच इच्छा आहे, त्याला बाजूची खोली असावी आणि त्या खोलीत डोकावणारे जागे माणूस असावे. वडिलांची पुंजी राहावी आणि मुलीचे मुलाखतीचे पत्रही हाती पडावे, एवढी सोय आपल्याच हातची आहे. येत्या रविवारी दुपारी वही घेऊन बसा.